इर्माचं तिसरं चाक

रॉसने बायकोला एवढंच सांगितलं होतं की आईवर जरा लक्ष ठेव. खरं तर मार्नीला हे सांगायची गरज नव्हती. हॅटी झाल्यापासून गेली अडीच वर्षं ती दुसरं काही करतच नव्हती. द्राक्षं चार तुकडे केल्याशिवाय हॅटीच्या ताटात पडत नसत. शेगडीची बटणं दोनदा बघितल्याशिवाय मार्नी घराबाहेर पाऊल टाकत नसे, आणि गाडीत बसल्यावर तिसऱ्यांदा बघायला परत येई. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने सहा वर्षं सरोवराचं पाणी तपासलं होतं. आता नोकरी सोडून ती घरी होती, पण तपासायची खोड काही सुटली नव्हती.

रॉसला काळजी होती ती गॅरेजमधल्या मोटरसायकलची.

मोटरसायकल होती १९६९ची, विलायती, साडेसहाशे सीसीची. ती इर्माची, म्हणजे रॉसच्या आईची. तिचं आडनाव केटोला, वय सदुसष्ट. तिने एकतीस वर्षं रस्ते खात्याच्या कारखान्यात बर्फ ढकलायचे ट्रक दुरुस्त केले होते. आता त्यातलाच एक ट्रक तिचा मुलगा चालवत होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या खुब्याचा सांधा बदलला आणि मोटरसायकल ताडपत्रीखाली गेली. घरातल्या सगळ्यांना वाटलं, संपला विषय. हॅटी तिला मुम्मू, म्हणजे फिनिश भाषेत आजी, म्हणायची, म्हणून सगळेच मुम्मू म्हणू लागले होते. मुम्मू झालेली बाई आता वेलदोड्याचा पाव भाजेल, नातीला मोजे विणेल, असं ज्याला त्याला वाटत होतं.

ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला त्या दिवशी इर्माने ताडपत्री ओढून काढली आणि जेवताना जाहीर केलं की मे महिन्यात मी गाडीवर बसणार.

त्यामागे कारण होतं. अहोला गावात जुन्या मोटरसायकलवाल्यांची एक टोळी आहे. दर वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, बर्फावर गाड्या घसरू नयेत म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेली वाळू झाडून झाली की, ही मंडळी लेम्पीच्या कॉफीच्या दुकानापासून दीपगृहापर्यंत पहिली फेरी काढतात. दुकानातल्या भिंतीवर खिळ्यांची रांग आहे आणि प्रत्येक खिळ्यावर एकेकाचा मग टांगलेला असतो. टोळीचा नियम एकच. जो लागोपाठ तीन वर्षं स्वतःच्या गाडीवर फेरीला आला नाही, त्याचा मग उतरवून कागदात गुंडाळून घरी पोचता करायचा. त्याबरोबर केकही देतात, पण केक कुणी खात नाही. इर्माचा मग बेचाळीस वर्षं त्या खिळ्यावर होता. तिच्या दोन फेऱ्या हुकल्या होत्या. ही तिसरी.

रॉस म्हणाला, आई, घरात काय मग कमी आहेत. इर्माने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने बटाट्याबरोबर गिळून टाकलं.

त्या रात्री नवरा-बायकोचं ठरलं. रॉस पहाटे चारला ट्रक घेऊन जाणार तो संध्याकाळीच येणार. तेव्हा मार्नीने मदत करायच्या निमित्ताने गॅरेजमध्ये बसायचं आणि काम जितकं रेंगाळेल तितकं रेंगाळू द्यायचं. मे महिना आला की गाडी अर्धवट, विषय आपोआप मिटेल.

इर्माला हे कळलं नसेल असं नाही. पहिल्या दिवशी सून कॉफी घेऊन गॅरेजमध्ये आली तेव्हा ती म्हणाली, "ये, इन्स्पेक्टर. पुलाखालची माणसं पाना कुठल्या बाजूने धरतात ते बघू दे."

मॅकिनॅकच्या मोठ्या पुलाच्या दक्षिणेला जन्मलेल्या माणसाला इकडे उत्तरेला जन्मभर पुलाखालचा म्हणतात. मार्नी तिकडचीच. नऊ वर्षांत तिने ते इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते तिला नावासारखंच वाटे.

गॅरेजमध्ये लाकडं जाळायची शेगडी होती. बाहेर बर्फ खिडकीच्या वर गेला तरी आत कोट काढून काम करता येई. हॅटीसाठी इर्माने कोपऱ्यात लाकडी कुंपण केलं होतं. त्यात बसून पोर जुन्या बेअरिंगा लोळवत असे, तोंडात जाणार नाहीत एवढ्या मोठ्या, मार्नीने स्वतः मापून दिलेल्या. इर्माने सुनेला इंजिन उघडायला शिकवलं. पिस्टनच्या रिंगा कशा सोडवायच्या, गॅस्केट फाटू न देता कशी उचलायची, गंजलेला बोल्ट तेल पाजून एक दिवस तसाच कसा सोडायचा. मार्नीला शिकणं जमत होतं, आणि रेंगाळणं तर आपसूकच होत होतं. प्रत्येक नट ती घट्ट करी, मग पुन्हा बघे, मग त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका देई, म्हणजे नट जरासा जरी फिरला तर ठिपका तुटलेला दिसेल. इर्मा म्हणायची, अगं, मी चाळीस वर्षं नुसत्या हाताच्या अंदाजाने घट्ट केलं. मार्नी म्हणायची, मग वाटेत गळून काय काय पडलं? त्यावर इर्माला एकदा सायलेन्सर आणि एकदा अख्खी नंबरप्लेट आठवली. तिने रंगाची डबी सुनेच्या हाताशी सरकवली.

दोन चाकांवर इर्माला आता गाडी तोलवणार नव्हती, हे तिचं तिलाही मान्य होतं. उभ्या गाडीचा भार डाव्या पायावर आला की खुबा कुरकुरायचा. म्हणून तिने साइडकार लावायची ठरवली. तिसरं चाक असलं की गाडी तोलायचं कारणच नाही. ओंटारियोतल्या एका म्हाताऱ्याकडे जुनी साइडकार होती, त्याने तरुणपणी इंग्लंडहून आणलेली. आकार अगदी होडीसारखा. फोटो पाहूनच इर्मा भाळली. जानेवारीत ती खोक्यातून आली. दोघींनी ती ढकलत मोटरसायकलच्या उजव्या अंगाला आणली आणि इर्मा दोन पावलं मागे सरून कौतुकाने पाहू लागली.

मार्नी मात्र कपाळाला आठ्या घालून उभी होती. साइडकारचं दार मोटरसायकलच्या बाजूला उघडत होतं. चाकही त्याच बाजूला, दोन्हींच्या मधोमध अडकलेलं. तिने एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मुम्मू, ही डावीकडे लावायची आहे."

इंग्लंडात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात हे दोघींनाही ठाऊक होतं. पण साइडकारही मग डावीकडेच लागणार, हे फोटो पाहताना एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. इकडच्या रस्त्यावर ती डावीकडे लावली तर बसणारा माणूस थेट समोरून येणाऱ्या ट्रकांच्या तोंडी. इर्मा उपड्या बादलीवर बसली आणि खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, बेचाळीस वर्षं विलायती गाडी चालवते आहे आणि तिच्या देशाचा साधा रिवाज विसरले.

हसून झाल्यावर ती उठली. पाना पुसून खिळ्याला टांगला. मग दुसरा. मग तिसरा. इतक्या सावकाश, जणू कामावरचा शेवटचा दिवस असावा. मार्नी ते पाहत होती. हवं होतं तेच झालं होतं. काम थांबलं होतं आणि तिला काही करावंही लागलं नव्हतं. संध्याकाळी रॉसला सांगायचं, तो सुटकेचा श्वास टाकेल, विषय संपेल.

पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. चाकाचा दांडा कापून चेसिसच्या दुसऱ्या बाजूला बसवता येणार नाही का, असं तिने विचारलं.

इर्मा पाठमोरीच राहिली. "येईल. पण दार?"

"दार कशाला हवं? वरून पाय टाकून बसायचं."

"आणि माझ्या वेल्डिंगवर तुझा विश्वास आहे?"

"नाही," मार्नी म्हणाली. "मी तपासणार."

तिने तपासलं. इर्माने तीन दिवस चेहऱ्यावर वेल्डिंगचा मुखवटा ओढून ठिणग्या उडवल्या. दांडा उजव्या बाजूला आला, दाराच्या जागी पत्रा बसला, सांधा इतका सफाईदार की हात फिरवला तरी लागेना. त्यानंतर मार्नीने रॉसच्या ट्रकमधून वाळूची आठ पोती आणवली, साइडकारमध्ये रचली आणि चेसिस तीन दिवस तशीच टेकूवर ठेवली. रोज सकाळी ती पट्टी लावून मोजे, खाली किती वाकलं. इर्मा विचारायची, यातून हत्ती न्यायचा आहे का. चौथ्या दिवशी मोजलं तरी केसभरही फरक नव्हता. मार्नीने वेल्डवर पिवळा ठिपका दिला, तेव्हा इर्माने डोळे मिटून, पदवी मिळाल्यासारखी, मान झुकवली.

रॉस विचारी, कुठवर आलं? मार्नी सांगे, चाललंय. खोटं नव्हतं ते. पण आपण आता कुणाच्या बाजूने आहोत, याचा विचार तिने टाळला होता. टाकीला रंग द्यायची वेळ आली तेव्हा इर्माने बर्फाच्या ट्रकांचा उरलेला नारिंगी रंग काढला. मार्नीने आपण होऊन त्यावर पांढरा पट्टा ओढला आणि हॅटीला टाकीच्या पोटावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक हात उमटवू दिला.

एप्रिलच्या मध्याला रस्ते उघडे पडले. शाळेच्या आवारातला बर्फ ढिगाने कडेला लोटलेला होता, मधली जागा मोकळी आणि कोरडी. रविवारी दोघी तिथे गाडी घेऊन गेल्या. दुसऱ्या किकला इंजिन लागलं. त्या आवाजाने इर्मा एकदम दहा वर्षांनी लहान झाल्यासारखी ताठ बसली. तिने क्लच सोडला, सरळ गेली, आवाराच्या टोकाला उजवीकडे वळायला म्हणून हँडल धरलं आणि गाडी डावीकडे, सरळ बर्फाच्या ढिगात.

लागलं काही नाही. बर्फ मऊ होता. इर्मा बाहेर आली, टोपावरचा बर्फ झटकला, पुन्हा बसली आणि पुन्हा त्याच ढिगात गेली.

यात गाडीचा दोष नव्हता. दोन चाकांवर उजवीकडे वळायचं तर हँडलचं उजवं टोक हलकेच पुढे ढकलायचं असतं. गाडी उजवीकडे कलते आणि वळते. बेचाळीस वर्षांत हे इर्माच्या हाडात मुरलं होतं. साइडकार लावलेली गाडी कलतच नाही. तिचं उजवं टोक ढकललं की ती निमूटपणे डावीकडे जाते. ज्याने कधी मोटरसायकल चालवलीच नाही तो ही चूक करत नाही. ती करायला आधी चांगला चालक असावं लागतं.

ब्रेक तपासायचे म्हणून मार्नी बसली. तिने हँडल जिकडे वळवलं तिकडे गाडी गेली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. इर्मा बर्फाच्या ढिगावर बसून पाहत होती. म्हणाली, पुलाखालच्यांना मुळात काही येत नाही, हाच त्यांचा फायदा.

पुढचे तीन आठवडे दोघी रोज शाळा सुटल्यावर आवारात जात. रॉस घरी हॅटीकडे बघे, आणि त्याला एव्हाना बरंच काही कळलं होतं, पण विचारायची हिंमत होत नव्हती. इर्माचे हात हळूहळू नवी सवय शिकले. मार्नी मात्र रोज काही ना काही तपासायला चालवत राहिली. आज मागचा ब्रेक, उद्या चाकाचा कोन, परवा वाळूवर गाडी किती घसरते ते. गॅस दिला, म्हणजे वेग वाढवला, की गाडी उजवीकडे ओढते, ब्रेक दाबला की डावीकडे. उजव्या वळणावर साइडकार रिकामी असेल तर तिचं चाक हवेत उठतं. म्हणून आत वजन हवं. इर्मा चालवताना मार्नी आत बसे, आणि मार्नी चालवताना इर्मा.

आत बसल्या बसल्याच मार्नीच्या लक्षात आलं.

विलायती गाडीचा मागचा ब्रेक डाव्या पायाखाली असतो, आणि इर्माचा नवा खुबा डावाच. पाय उचलून ब्रेकवर येईपर्यंत अर्धा क्षण जात होता. मार्नीने जमिनीवर खडूची रेघ मारली. तिथे ब्रेक दाबायचा ठरलं की इर्मा दर वेळी गाडीच्या लांबीएवढी पुढे जाऊन थांबे. सरळ रस्त्यावर चाललं असतं. दीपगृहाच्या रस्त्यावर एका बाजूला कडा आहे.

चार दिवस मार्नी काही बोलली नाही. तिला झोप लागेना. सात महिन्यांपूर्वी हेच तिला हवं होतं, गाडी रस्त्यावर न येण्याचं पक्कं कारण. आता ते हातात होतं आणि कुठे ठेवावं कळत नव्हतं. फेरीला दहा दिवस उरले. इर्मा गॅरेजमध्ये टाकीला मेण चोळत होती.

"मुम्मू, तुमचा डावा पाय उशिरा पडतो."

"कशावर?"

"ब्रेकवर. रोज. मी बारा वेळा मोजलं."

इर्माचा हात थांबला. "बारा वेळा मोजलंस. मग बोलायला इतका वेळ का लावलास?"

"तुमचा मग जाईल म्हणून."

"मी पुढच्या ब्रेकवर भागवीन."

"एकटा पुढचा दाबला की डावीकडे ओढते. तुम्हीच शिकवलंत."

इर्माने डावा पाय जरासा उचलून पाहिला, खाली ठेवला. मग फडकं घडी करून ठेवलं, "दिवा मालवून ये, इन्स्पेक्टर," एवढंच म्हणाली आणि घरात गेली.

तीन दिवस गॅरेज बंद होतं. इर्मा वेलदोड्याचा पाव भाजत राहिली. इतका, की तो शेजारीपाजारी वाटावा लागला. हॅटी गॅरेजच्या दाराशी जाऊन हात आपटे आणि मुम्मूने उघडलं नाही की रडे. रॉसला सगळं कळलं तेव्हा तो म्हणाला, बरं झालं, आणि मग बायकोचा चेहरा पाहून, बरं झालं ना, असं विचारलं. मार्नीने उत्तराऐवजी त्याच्यापुढे पाव सरकवला. खरं बोलल्याचा पस्तावा तिला नव्हता. तरी गॅरेजच्या बंद दाराकडे पाहणं ती टाळत होती.

चौथ्या दिवशी सकाळी गॅरेजमधून हातोड्याचा आवाज आला. मार्नी हॅटीला कडेवर घेऊन धावली. इर्मा साइडकारच्या पुढच्या काठावर लोखंडी दांडी बसवत होती, दोन्ही हातांनी धरायला. उजव्या अंगालाही एक, बाहेर झुकायला. बैठकीवर नवी गादी होती. तिने मान वर न करता सांगितलं, की टोळीच्या नियमात स्वतःच्या गाडीवर यायचं एवढंच आहे. हँडल कुणाच्या हातात, यावर एक शब्द नाही. गाडी माझी, वेल्ड माझा, बसेन मी हवी तिथे.

"मग चालवणार कोण?" मार्नीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

"नुसतं तपासता तपासता तू या गाडीवर गावातल्या कुणाहूनही जास्त तास काढलेस," इर्मा म्हणाली. "परवान्याची परीक्षा गुरुवारी आहे. नाव घातलंय."

मार्नीने नाही म्हणायची एकूण नऊ कारणं सांगितली. त्यातली सात हॅटीची होती. इर्माने सगळी ऐकून घेतली. मग म्हणाली, "पोरी, भलत्याच्या हाती हँडल देऊन मला मरायचं नाही. म्हणून तर तुला विचारते आहे."

गुरुवारी परीक्षकाने मार्नीला विचारलं, गाडीवर भीती वाटते का. सतत वाटते, ती म्हणाली. त्याने तिला आवारात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि सही केली.

शनिवारी संध्याकाळी रॉसला गॅरेजमध्ये बोलावलं. मी तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तो म्हणाला. ठेवलं की, मार्नी म्हणाली आणि त्याच्या हातात टॉर्च दिला. रॉस गाडीभोवती फिरला, खाली वाकला, शेवटी फरशीवर उताणा पडून आत सरकला. पिवळा ठिपका नसलेला एक तरी नट सापडावा म्हणून त्याने पाऊण तास घालवला. बाहेर आला तेव्हा त्याच्या नाकाला ग्रीस होतं. त्याने फक्त विचारलं की हॅटीला दुपारी खायला काय द्यायचं.

रविवारी लेम्पीच्या दुकानापुढे सतरा गाड्या उभ्या होत्या. नारिंगी गाडी वळून आली तशी सगळ्यांनी कॉफी खाली ठेवली. क्लाइड पेनहेल टोळीचा म्होरक्या. पांढरी दाढी, पोट पुढे, नियमाचा पक्का. त्याने आधी साइडकारला फेरी मारली, वेल्ड बघून शीळ घातली आणि मग इर्माला विचारलं की तू आत काय करते आहेस. इर्माने आपलं म्हणणं मांडलं. क्लाइडने दाढी खाजवली.

"इर्मा, वजन म्हणून तर वाळूचं पोतंही येतं. त्याला मी मग देऊ का?"

"पोतं तुझ्यापेक्षा कमी बोलतं."

बाकीचे हसले, क्लाइड हसला नाही. इर्माचा मग त्याने खिळ्यावरून उतरवून कागदात गुंडाळलेलाच होता. तो त्याने आपल्या गाडीच्या पिशवीत टाकला आणि म्हणाला, दीपगृहापर्यंत चला. मी तुमच्या मागे राहतो. ओझं असशील तर तिथेच तुझा मग हातात देईन, निदान केक तरी वाचेल.

मार्नीने निघण्याआधी आरसा दोनदा नीट केला. ती सगळ्यांच्या पुढे होती, कारण हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं असतं. सुपीरियर सरोवर डाव्या हाताला उघडलं, काठाशी अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. सरळ रस्त्यावर इर्मा नुसती बसून होती, आणि आरशात क्लाइड दिसत होता, तोही नुसता पाहत. मग उजवी वळणं सुरू झाली. पहिल्या वळणाला इर्माने उजवी दांडी धरली आणि कंबरेपासून बाहेर झुकली. साइडकारचं चाक रस्त्याला चिकटून राहिलं. दुसऱ्याला तिने मार्नी गॅस कमी करायच्या आधीच ओळखलं. तिसऱ्या वळणापर्यंत दोघींचं जमून गेलं होतं. मार्नी वळण बघे, इर्मा तोलून धरे, आणि गाडी पाट सरकवल्यासारखी सरळ निघे. बाहेर झुकायला खुब्याची काहीच हरकत नव्हती. आत बसल्यावर ब्रेकही नव्हता, आणि म्हणून उशीरही नव्हता.

कड्याजवळचं वळण आंधळं आहे. मार्नी दुरूनच त्या टोकाकडे पाहत होती, कारण ती सगळ्याच गोष्टींकडे दुरून पाहते. झाडांच्या सावलीत रस्त्याचा रंग तिला वेगळा दिसला. वाळू. झाडणारा ट्रक तेवढ्या एका पट्ट्यात पोचला नव्हता. तिने गॅस सोडला, हलका ब्रेक दिला, गाडी डावीकडे ओढू लागली तशी हँडलने सांभाळली, आणि ओरडली, "वाळू, मुम्मू."

इर्माने डावा हात उंच करून खाली आणला, मागच्यांसाठी सावकाशची खूण. मग उजवीकडे इतकी बाहेर झुकली की तिच्या जाकिटाची बाही रस्त्याकडेच्या गवताला घासली. चाक वाळूवर कुरकुरलं, क्षणभर उठलं, टेकलं. गाडी वळणापलीकडे निघाली. मागून सतराच्या सतरा जण, पाय खाली सोडून, एकामागून एक, मुंगीच्या चालीने वाळू ओलांडत आले. एकही घसरला नाही.

दीपगृहाशी सगळे उतरले. क्लाइड आपल्या गाडीकडे गेला. त्याने पिशवीतून कागदाची पुडी काढली, कागद सोडून खिशात कोंबला, मगात आपल्या थर्मासमधली कॉफी ओतली आणि इर्मापुढे धरली. म्हणाला, आत बसून इतकी मेहनत करायची असेल तर ओझं म्हणता येत नाही. इर्माने साखर मागितली. मग क्लाइड मार्नीकडे वळला. त्या वळणावर मला वाळू दिसली नव्हती, तो म्हणाला, आणि हे कबूल करताना त्याची दाढीही जरा लाजल्यासारखी झाली. पुढच्या वर्षी स्वतःचा मग घेऊन यायचं, एक खिळा रिकामा आहे. पुलाखालच्या बाईला चालेल का, कुणीतरी मागून विचारलं. क्लाइड म्हणाला, पुलाखाली डोळे चांगले मिळतात असं दिसतंय.

मार्नीला एकदम हसू फुटलं. ते थांबेचना. टोप काढून, गाडीच्या टाकीवर डोकं टेकून ती हसत राहिली. इर्मा कॉफी पीत तिच्याकडे पाहत होती.

परतताना जंगलातल्या फाट्याशी मार्नीने गाडी थांबवली. डावीकडचा रस्ता घरी जातो, वीस मिनिटांत. उजवीकडचा काठाकाठाने, खाडीला वळसा घालून, तासभराचा. तिने फोन लावला. रॉस म्हणाला, हॅटी मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचं सारण खाऊन कड खाली टाकून झोपली आहे. ताप नाही? नाही. खिडकी बंद आहे? आहे. पाणी प्यायली? मार्नी, तो म्हणाला, पोर घोरते आहे, ऐक, आणि त्याने फोन हॅटीच्या तोंडाशी नेला. मार्नीने पूर्ण एक मिनिट ते घोरणं ऐकलं. मग फोन खिशात ठेवला, टोपाचा पट्टा ओढून पाहिला, पुन्हा एकदा ओढून पाहिला.

साइडकारमध्ये इर्मा केव्हाच दांडी धरून उजवीकडे झुकून बसली होती.

मार्नीने गिअर टाकला आणि उजवीकडे वळली.